खान्देशात छोट्या घाण्याची वाइन: केळी, जांभूळ, द्राक्ष (तापमान, मापं आणि बिघाड)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. फळांच्या वाइनबद्दल इथे अधूनमधून प्रश्न येतात आणि उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेली राहतात. निदान १० लिटरच्या घाण्यापुरतं तरी सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. विकायची नसली, घरच्यापुरती असली, तरीही. त्यामुळे हा धागा तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे: परवाना असलेले, फळप्रक्रियेसाठी परवाना घेण्याच्या तयारीतले शेतकरी, आणि घरगुती वाइनला मुभा असलेल्या देशांत राहणारे आपले लोक. चौकशी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात करा. दारू गाळण्याबद्दल, म्हणजे भट्टीबद्दल, इथे एक अक्षरही नको.

आता मुद्द्याचं. बाहेरच्या सगळ्या कृती थंड देशांतल्या आहेत. त्यांत ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा खोली २० अंशांची धरलेली असते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि पत्र्याच्या खोलीत रात्रीसुद्धा ३५ च्या पुढे. त्या खोलीत तीच कृती केली तर तीन दिवसांत यीस्ट गळपटतं आणि वाइनला स्पिरिटसारखा जळजळीत वास येतो. आपल्याकडे चांगली आणि वाईट वाइन यांतला फरक फळापेक्षा तापमानाने जास्त पडतो. फळ आपल्याकडे उत्तमच आहे.

लक्षात ठेवायचे आकडे असे. पांढऱ्या धाटणीची वाइन (केळी, हिरवी द्राक्षं) १५ ते २० अंशांत आंबवायची, सालीसकट होणारी लाल (जांभूळ, काळी द्राक्षं) २२ ते २८ मध्ये. ३२ च्या वर गेलं की काळजी, ३५ च्या वर गेलं की घाणा अडकणार असं धरूनच चाला. आणि हे तापमान खोलीचं नव्हे, भांड्यातल्या रसाचं. आंबताना रस स्वतः तापतो, १०-२० लिटरच्या भांड्यात खोलीपेक्षा दोन ते पाच अंश जास्त सहज असतो.

सामान फार लागत नाही. झाकणाची फूड-ग्रेड प्लास्टिकची २० लिटरची बादली, अरुंद तोंडाच्या काचेच्या दोन मोठ्या बाटल्या, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी), सायफनची नळी, हायड्रोमीटर (रसाची घनता, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणारा; शुद्ध पाणी १.०००), पीएच मीटर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण केएमएस (जंतू रोखायची पूड) चमच्याने घालणं म्हणजे अंदाजपंचे. तांब्या-पितळेची आणि अॅल्युमिनियमची भांडी नकोत, आम्लाने धातू उतरतो. चांगलं स्टील चालतं. जुन्या चिनी मातीच्या बरण्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, त्या लोणच्यालाही जपूनच वापराव्यात, इथे तर नकोच.

---

रावेरकर_केळी

उत्तम धागा, तापीकाठभाऊ. केळीचं मी लिहितो.

१० लिटरसाठी सोललेला गर ४ किलो धरा, म्हणजे सालीसकट साधारण सहा-साडेसहा किलो. ग्रँड नैन असो की श्रीमंती, जातीपेक्षा पिकणं महत्त्वाचं. निर्यातीच्या पेटीत जातं तसं पिवळंधमक केळं उपयोगाचं नाही, त्यात स्टार्च शिल्लक असतो. साल निम्म्याहून जास्त काळ्या चित्त्यांनी भरलेली, देठाशी मऊ झालेली फणी घ्या. खात्री करायची तर गराच्या कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा डाग पडला तर अजून दोन दिवस थांबा, थेंब तपकिरीच राहिला तर केळं तयार. (तो काप अर्थातच फेकायचा.) रायपनिंग चेंबरमधून आलेल्या मालाची साल गराच्या आधी रंग बदलते, त्यामुळे तिथे ही चाचणी सोडूच नका.

केळ्यात आम्ल फार कमी असतं आणि पीएच ४.५ ते ५ च्या आसपास. या पीएचला नको ते सगळे जिवाणू सुखाने वाढतात. म्हणून आम्ल पहिल्या क्षणापासून हवं. ४ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम टार्टारिक आम्ल आणि ०.९ ग्रॅम केएमएस विरघळवून ठेवायचं आणि सोललेलं केळं थेट त्यातच कापायचं. ताटात कापून ठेवलं तर दहा मिनिटांत काळं पडतं आणि तो रंग वाइनमध्ये राहतो.

बारा तासांनी पेक्टिनेज (गर फोडून रस मोकळा करणारं एन्झाइम), पाकिटावर दिलेल्या प्रमाणात. आणखी बारा तासांनी साखर. आधी १.२ किलो साखरेचा पाक घालायचा आणि पाणी घालून १० लिटरच्या खुणेपर्यंत आणायचं. मग हायड्रोमीटर. १.०८५ हवं, कमी असेल तर थोडी थोडी साखर वाढवायची. १७ ग्रॅम साखर एका लिटरमध्ये साधारण १ टक्का अल्कोहोल देते. १.०८५ वरून ०.९९५ ला उतरली की ०.०९० गुणिले १३१.२५, म्हणजे ११.८ टक्के. याहून जास्तीचा हव्यास नको. केळ्याची वाइन अंगाने हलकी असते, १४ टक्क्यांना ती नुसती तिखट लागते.

गूळ घालू नका. गुळाचा स्वतःचा वास इतका ठळक असतो की केळं हरवतं.

---

गिरणाथडी

रावेरकरदादा, केळं उकळून घ्यायची पद्धत बऱ्याच कृतींत असते. तुम्ही कच्चाच गर घेता, तर गढूळपणाचं काय?

---

रावेरकर_केळी

गढूळपणा उलट उकळल्यानेच येतो. उकळलं की पेक्टिन सुटतं आणि राहिलेला स्टार्च फुगून रसात मिसळतो. मग महिनोन् महिने वाइन ताकासारखी दिसते. कच्च्या गरावर पेक्टिनेजने २४ तास काम केलं की गर आपोआप फाटतो, खाली पाणीदार रस आणि वर गराचा थर असं स्पष्ट दिसतं.

---

रसायन_धुळे

यात थोडी भर घालतो, कारण दोन्ही बाजूंना तथ्य आहे. केळं काळं पाडणारं एन्झाइम उष्णतेने मरतं, हा उकळण्याचा खरा फायदा. त्यासाठी गर पाण्यात शिजवायची गरज नाही. अख्खी केळी सालीसकट मोदकपात्रात ८-१० मिनिटं वाफवा, पूर्ण गार करा, मग सोलून आम्लाच्या पाण्यात टाका. रंग फिकट सोनेरी राहतो आणि पेक्टिनेज गार झाल्यावर घातल्याने त्याचं कामही होतं. गरम गरात पेक्टिनेज घातलं तर ते स्वतःच निकामी होतं, ही चूक सर्रास होते. स्टार्चची शंका असेल तर वाफवलेल्या गराला अमायलेज जास्त चांगलं लागू पडतं, कारण फुगलेला स्टार्चच त्याला नीट तोडता येतो.

वासाच्या बाबतीत मात्र कच्चा गर सरस. वाफवलेल्याला किंचित शिकरणासारखा, शिजका वास येतो. ज्याला रंग प्यारा त्याने वाफवावं, ज्याला वास प्यारा त्याने कच्चं घ्यावं आणि केएमएस-आम्लावर भिस्त ठेवावी. मी दुसऱ्या बाजूचा.

आता मापांबद्दल, कारण आपल्या हवेत दोन मापं चुकतात.

हायड्रोमीटर. बहुतेक २० अंशांवर बेतलेले असतात. रस ३५ अंशांचा असेल तर वाचन ०.००४ ने कमी येतं. म्हणजे १.०८१ दिसलं तर खरं १.०८५. हे न कळल्यामुळे लोक साखर वाढवत राहतात. नमुना फ्रिजमध्ये ठेवून २० ला आणा आणि मग मोजा, सगळ्यात सोपं.

आम्ल. पीएच मीटर आम्लाची ताकद सांगतो, चव कळायला एकूण आम्ल मोजायला हवं. ७.५ मिलि रस घ्या, हलवून त्यातला गॅस काढा, फिनॉल्फ्थॅलिनचे तीन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिलि लागले तितके ग्रॅम प्रति लिटर आम्ल, टार्टारिकच्या हिशोबात. ७.५ मिलि नमुना मुद्दाम घ्यायचा तो याचसाठी, गणित करावं लागत नाही. केळ्याला ६ च्या आसपास आणा. सुरुवातीला ३५ ग्रॅमच घालायचे आणि मोजून वाढवायचे, कारण घातलेलं आम्ल काढणं फार कटकटीचं. जांभळाच्या रसात गुलाबी रंग दिसतच नाही, तिथे पीएच मीटर बुडवून ८.२ ला थांबा.

टार्टारिक मिळालं नाही तर लिंबूसत्त्व (सायट्रिक) चालतं, १ ग्रॅम सायट्रिक म्हणजे साधारण १.१७ ग्रॅम टार्टारिक. पण सगळं आम्ल सायट्रिकचं नको, काही जिवाणू त्याचं व्हिनेगरचं आम्ल करतात.

---

अहिराणी_लेक

एक इचारनं शे भाऊ. यीस्ट बेकरीचं चालेल का? आणि केएमएस म्हणजे आपण सरबत-स्क्वॅशमध्ये घालतो तेच ना?

---

तापीकाठ

ताई, केएमएस तेच, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. फळप्रक्रियेचं सामान मिळतं तिथे असतं. त्यात वजनाच्या साधारण ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. म्हणून १० लिटरला ०.९ ग्रॅम म्हणजे सुमारे ५० पीपीएम. जुनं, ओल लागलेलं, गुठळ्या झालेलं केएमएस कमजोर झालेलं असतं, दरवर्षी नवं घ्या. नाकाशी नेऊन वास घेऊ नका, आणि घरात कुणाला दमा असेल तर त्या खोलीत विरघळवू नका. प्यायला देताना दम्याच्या माणसाला आधी सांगा.

बेकरीचं यीस्ट आंबवेल, पण १०-१२ टक्क्यांच्या आसपास दमतं, खाली घट्ट बसत नाही आणि पावाचा वास ठेवतं. वाइनचं कोरडं यीस्ट ५ ग्रॅमच्या पाकिटात येतं, एका पाकिटात २० लिटरपर्यंत काम होतं. आपल्या हवेसाठी जात निवडताना तापमानाची कक्षा पाहा. के१-व्ही१११६ साधारण १० ते ३५ अंश सोसतं, ईसी-१११८ १० ते ३० आणि १८ टक्के अल्कोहोलपर्यंत टिकतं. ७१बी फळांच्या वाइनला छान, ते मॅलिक आम्लाचा काही भाग खातं म्हणून जांभळाला विशेष बरं. डी४७ ची तारीफ खूप वाचाल, पण ते २० अंशांच्या वर बिघडतं. एसी किंवा फ्रिज नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

यीस्ट कोरडंच रसावर भुरभुरवू नका. ५० मिलि कोमट पाणी, ३५ ते ४० अंश, म्हणजे मनगटावर जेमतेम कोमट लागेल इतकं. त्यावर यीस्ट पसरायचं, १५ मिनिटं हात लावायचा नाही. आधी ते पाणी पिऊन काळसर बसतं, मग कडेने फुगून मलईसारखं वर येतं. तेव्हा हलकं ढवळायचं आणि मग थोडा थोडा रस त्यातच घालत तापमान जुळवायचं. यीस्ट आणि रसात १० अंशांपेक्षा जास्त फरक असताना ओतलं तर बरंचसं यीस्ट धक्क्यानेच मरतं. केएमएस घातल्यापासून २४ तास झालेले असले पाहिजेत.

---

सातपुडा_पायथा

खताच्या दुकानातल्या डीएपीबद्दल लिहायला हवं. यीस्टला नायट्रोजन लागतो म्हणून डायअमोनियम फॉस्फेट घालतात, इतकं वाचून कुणीतरी १८:४६ ची गोणी उघडतो. ते अजिबात नाही. खताच्या डीएपीत खाण्यायोग्य शुद्धता नसते, जड धातू असू शकतात, दाण्यांवर लेप असतो. फूड-ग्रेडच हवं आणि तेही १० लिटरला फक्त २-३ ग्रॅम, दोन हप्त्यांत. अर्धं आंबणं सुरू झाल्यावर साधारण २४ तासांनी, उरलेलं एक तृतीयांश साखर संपल्यावर. म्हणजे १.०८५ वरून १.०५५ च्या आसपास आल्यावर. अर्धी साखर संपल्यानंतर घालू नका, यीस्ट ते घेत नाही आणि उरलेल्यावर जिवाणू पोसले जातात.

केळं आणि मध यांच्यात नायट्रोजन कमी, म्हणून तिथे हे लागतंच. सडक्या अंड्याचा वास येऊ लागला तर पहिला संशय इथेच. लवकर लक्षात आलं तर डीएपीचा हप्ता आणि जोराने ढवळणं एवढ्यावर भागतं. शेवटी शेवटी आला तर उंचावरून धार सोडत दुसऱ्या बाटलीत ओता.

---

गिरणाथडी

पाणी कुठलं? आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं क्षारयुक्त की गिझर वर्षात जातो.

---

रसायन_धुळे

आरओचं घ्या. क्षारयुक्त पाणी आम्ल खातं, मोजून घातलेलं टार्टारिक काही अंशी तिथेच जिरतं. बोअरमध्ये लोह असेल तर वाइन हवेशी आल्यावर ढगाळ होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वेगळंच संकट, त्याने बुरशीच्या संगतीत ओल्या पुठ्ठ्यासारखा वास बसतो आणि तो जात नाही. ब्लीचिंगने भांडी धुऊ नका म्हणतात ते यासाठीच. भांडी निर्जंतुक करायला केएमएसचं द्रावण, लिटरला १० ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक, खिडक्या उघड्या ठेवून.

---

सातपुडा_पायथा

जांभळाचं. खरं सांगायचं तर खान्देशात प्रीमियम म्हणण्यासारखी वाइन व्हायची ताकद या फळात आहे. रंग, आम्ल, टॅनिन, तिन्ही आयते. द्राक्षाखेरीज असं फळ आपल्याकडे दुसरं नाही.

अडचण हंगामाची. जांभूळ जून-जुलैत येतं, तेव्हा हवा दमट आणि खोली ३० च्या आसपास. घाई करू नका. फळं धुऊन, निथळून, पिशव्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि डिसेंबरात काढा. गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, वितळल्यावर हाताने नुसतं दाबलं तरी बी सुटते आणि रंग पूर्ण उतरतो. ताज्या फळातून तेवढा रंग काढायला चार दिवस जास्त लागतात.

१० लिटरला ७ किलो फळ, म्हणजे बी काढून सुमारे ५ किलो गर. मिक्सर लावायचा नाही! बी फुटली की कडवट तुरटपणा येतो आणि तो वर्षभर मुरवूनही उतरत नाही. हाताने किंवा जाड चाळणीवर घासून बिया वेगळ्या करायच्या. साल गरातच राहू द्या. पाणी ३ ते साडेतीन लिटरच. जास्त पाणी घालून २० लिटर करायचा मोह होतो, पण मग वाइन नाही, रंगीत सरबत होतं. साखर साधारण दीड किलो, शेवटचा शब्द हायड्रोमीटरचा, १.०८८ पर्यंत. आम्ल मोजल्याशिवाय काहीच घालू नका, बहुतेक वेळा लागत नाही.

आंबू लागलं की साली वर येऊन घट्ट टोपी होते. ती दिवसातून तीनदा स्टीलच्या डावाने खाली दाबायची. ढवळायची नाही, दाबायची. टोपी कोरडी पडली की तिच्यावर व्हिनेगरचे जिवाणू बसतात आणि चिलटं तेच जिवाणू पायांना लावून आणतात. बादलीवर मलमलचं दुहेरी कापड, इलॅस्टिकने ताणून. पाचव्या दिवशी कापडातून गाळून काचेत. पिळायचं तर हलक्या हाताने. शेवटची दाट धार वेगळी ठेवा, ती तुरट असते.

---

अहिराणी_लेक

मोहाच्या फुलांचं याच पद्धतीने होतं का? अक्राणी-तोरणमाळकडे मार्च-एप्रिलमध्ये भरपूर असतात.

---

सातपुडा_पायथा

होतं. वाळलेल्या फुलांत साखर भरपूर असते, आम्ल नगण्य. आतले केसर आणि माती काढणं हे खरं काम, नाहीतर उग्र वास राहतो. बाकी आम्ल, डीएपी, तापमान सगळं केळ्यासारखंच. पण मोहाच्या फुलांच्या साठवणुकीचे आणि वाहतुकीचे वेगळे नियम असू शकतात, आधी त्यांची चौकशी करा.

---

वाघूर_किनारी

द्राक्षांबद्दल थोडक्यात. नाशिकची थॉमसन बाजारात येते ती खाण्याची, वाइनची नव्हे. गोड असते, पण आम्ल आणि वास दोन्ही बेताचे. तिची वाइन स्वच्छ पण सपक होते, केळ्याशी किंवा बोराशी मिसळायला बरी. वाइनची द्राक्षं (शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लां) जानेवारी ते मार्च तोडली जातात, ओळखीच्या बागायतदाराकडून तेव्हाच बोलून ठेवा. १० लिटर वाइनला १५-१६ किलो द्राक्षं, पाणी शून्य. तोडणीच्या जवळ गंधकाची फवारणी झालेली नको, सडक्या अंड्याचा वास हमखास. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, जातींची माहिती तिथून घ्यावी.

---

गिरणाथडी

सगळं पटलं. पण केळी बारमाही. एप्रिल-मेमध्ये भाव पडला आणि माल अंगावर आला तर घाणा लावायचाच नाही का?

---

तापीकाठ

लावता येतो. आपल्या उन्हाळ्याची एक बाजू आपल्या फायद्याची आहे, हवा कोरडी असते. कुलर आपल्याकडे चालतो आणि मुंबईत चालत नाही ते याचमुळे. तोच न्याय बादलीला लावा.

मोठं टब घ्या, त्यात बादलीच्या निम्म्यापर्यंत पाणी. बादलीभोवती गोणपाट गुंडाळा, त्याचं खालचं टोक पाण्यात बुडलेलं राहू द्या म्हणजे ते पाणी वर ओढत राहील. समोर टेबलफॅन. खोली ३८ ची असली तरी रस २८ च्या आसपास राहतो. २२ च्या खाली न्यायचा असेल तर टबात बर्फ केलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. गोणपाटाचं टोक झाकणाच्या फटीशी येऊ देऊ नका, त्यातलं पाणी आत झिरपतं. वीज गेली तरी ओलं गोणपाट काही तास तग धरतं, पण लोडशेडिंगच्या गावात बर्फाच्या बाटल्या जादा ठेवा.

जूनमध्ये पाऊस पडला की हा उपाय संपतो. दमट हवेत पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही.

उन्हाळ्यात एअरलॉकमधलं पाणी दोन-तीन दिवसांत आटतं, हे कुणीच सांगत नाही. आटलं की हवा आणि चिलटं थेट आत. पाण्याऐवजी ग्लिसरीन आणि पाणी निम्मंनिम्मं भरा आणि रोज एक नजर टाका.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंश आणि दुपारी २९. हा झोका यीस्टला नुसत्या थंडीपेक्षा जास्त त्रास देतो. गोधडी गुंडाळून भिंतीपासून दूर, जमिनीवर ठेवा. धाब्याचं घर असेल तर प्रश्नच मिटला, मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा थर यांमुळे दिवस-रात्रीचा फरक तिथे फारच थोडा. वाइन मुरवायलाही खान्देशात त्याच्यासारखी जागा नाही. सिमेंटच्या स्लॅबखाली बाटल्या ठेवल्या तर एका उन्हाळ्यात वाइन शिजते, रंग विटकरी होतो आणि वास करपलेल्या साखरेचा.

---

वाघूर_किनारी

आंबणं मधेच थांबलं तर काय करायचं तेही लिहा कुणीतरी. १.०३० ला अडकणं फार होतं.

---

रसायन_धुळे

आधी खरंच अडकलंय का ते पाहा. एअरलॉकचे बुडबुडे थांबणं हा पुरावा नव्हे, झाकण फटीतून गळत असू शकतं. हायड्रोमीटर तीन दिवस तोच आकडा दाखवत असेल तरच अडकलं म्हणा.

नुसतं यीस्टचं नवं पाकीट ओतून काही होत नाही. आत अल्कोहोल आहे, नवं यीस्ट त्यात पडताच मान टाकतं. त्याला सवय लावायची. ईसी-१११८ कोमट पाण्यात जागं करा, २०० मिलि पाण्यात २० ग्रॅम साखर आणि चिमूटभर यीस्टचं पोषण घालून त्यात सोडा. फेस आला की अडकलेली वाइन २०० मिलि घाला. पुन्हा जोर धरला की ४०० मिलि, मग ८०० मिलि, असं दर वेळी दुप्पट. दोन लिटर जोमात उसळू लागलं की ते उरलेल्यात ओता किंवा उरलेलं त्याच्यात, फरक पडत नाही, पण दोन्हींचं तापमान सारखं हवं, २२-२४ अंश. यीस्ट उष्णतेने मेलेलं असेल तर आधी वाइन जुन्या साक्यावरून (तळाशी बसलेल्या गाळावरून) नितळून घ्या.

---

रावेरकर_केळी

पुढचा भाग. १.०१५ च्या आसपास बादलीतून काचेच्या बाटलीत, गर मागे ठेवून. बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी, वर दोन बोटं जागा, बस. अर्धी रिकामी बाटली ठेवली तर महिन्यात वर पांढरी साय धरते आणि पुढे व्हिनेगर. जागा उरलीच तर लहान बाटलीत उतरवा किंवा धुतलेल्या काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा.

आकडा ०.९९५ ला दोन आठवडे स्थिर राहिला की साक्यावरून नितळून घ्यायची, नळीचं टोक साक्यापासून वर धरून, शेवटचं अर्धं फुलपात्र सोडून द्यायचं. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. केळं नाही निवळलं तर बेंटोनाइट (गाळ खाली बसवणारी माती), लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, गरम पाण्यात रात्रभर फुगवून. पेक्टिनेजसोबत एकाच वेळी नको, बेंटोनाइट एन्झाइमलाच खाली ओढून नेतं. चार दिवस फ्रिजमध्ये ठेवली तर साका अजून घट्ट बसतो.

केळं सहा महिन्यांत प्यायला येतं. जांभूळ वर्षाआधी उघडू नका.

---

अहिराणी_लेक

बाटलीत भरताना केएमएस किती? आणि थोडी गोड हवी असेल तर?

---

रसायन_धुळे

केएमएसचा डोस पीएचवर ठरतो. पीएच ३.२ ला मोकळा सल्फर डायऑक्साइड २०-२२ पीपीएम पुरतो, ३.५ ला ४० लागतो, ३.८ ला ८० च्या घरात. म्हणूनच आम्ल आधी नीट करा, नाहीतर वाइन वाचवायला इतका केएमएस लागतो की काडीपेटीचा वास येतो. पीएच ३.४ च्या केळ्याला भरताना १० लिटरमागे ०.६ ग्रॅम घाला. घातलेल्यातला काही भाग बांधला जातो, म्हणून शक्य असेल तर मोकळा सल्फर मोजायचा किट घ्या.

गोड करायची असेल तर नुसती साखर घालून बूच मारू नका. राहिलेलं यीस्ट ती साखर आंबवतं आणि बाटली फुटते, काचेचे तुकडे खोलीभर उडतात. आधी वाइन पूर्ण नितळ हवी, मग पोटॅशियम सॉर्बेट लिटरला ०.२ ग्रॅम आणि सोबत केएमएस. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, वाढू देत नाही इतकंच, म्हणून गढूळ वाइनमध्ये ते निरुपयोगी. केएमएसशिवाय सॉर्बेट घातलं तर जिवाणू त्याचा जिरेनियमच्या पानासारखा वास करतात आणि त्यावर इलाज नाही. साखर घालून दहा दिवस एअरलॉकखाली ठेवा, आकडा हलला नाही तरच भरा.

---

गिरणाथडी

मिथेनॉलची भीती घरचे घालतात. फळाच्या वाइनमध्ये ते बनतं म्हणे.

---

तापीकाठ

पेक्टिनपासून थोडंसं बनतं, सगळ्याच फळांच्या वाइनमध्ये असतं आणि त्या प्रमाणात धोका नसतो. विषारी दारूचे बळी जातात ते औद्योगिक मिथाइल अल्कोहोल मिसळल्यामुळे. वाइनमध्ये बाहेरून कुठलंही स्पिरिट ‘ताकदीसाठी’ मिसळू नका, एवढं पाळा. आणि बंद, लहान खोलीत एकावेळी बऱ्याच बादल्या आंबवू नका. कार्बन डायऑक्साइड जड असतो, जमिनीलगत साचतो. तळघर असेल तर उतरण्याआधी दार-खिडकी उघडून पंखा लावा, आणि लहान मुलांना तिकडे जाऊच देऊ नका.

---

वाघूर_किनारी

बुचांचं काय करता? लाकडी बूच ठोकायचं यंत्र महाग पडतं.

---

रावेरकर_केळी

वर्षभरात संपणार असेल तर क्राउन झाकण आणि हातदाबाचं यंत्र पुरे. काचेच्या जाड बाटल्या घ्या, क्राउनचा ओठ असलेल्या. खरं बूच वापरलं तर पहिले तीन दिवस बाटल्या उभ्या, मग आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. आपल्या कोरड्या हवेत उभी ठेवलेली बाटली उन्हाळाभरात बूच आकसून गळायला लागते. प्रत्येक बाटलीवर फळ, भरल्याची तारीख, सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा, पीएच आणि केएमएस लिहून चिकटवा. पुढच्या घाण्याला काय बदलायचं ते त्याच चिठ्ठीवरून ठरतं.